दुसऱ्यानं बनवलेलं विमान आणू का नको, साहेब, एवढं कागदावर सांगा

मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री,

नमस्कार. बेळगावातनं लिहितोय. तुम्ही पुण्याचे, विमानाच्या खात्यात मराठी वाचणारा मंत्री बसलाय, म्हणून म्हटलं इंग्रजी अर्जाच्या नादाला न लागता आपल्या भाषेत सरळ विचारावं.

मी एअरफोर्समध्ये वीस वर्षं एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम केलं. सुरुवातीचं ट्रेनिंग आमच्या सांबऱ्यालाच झालं. आता उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), बाकी जॉबवर्क. वय एकसष्ट. पुतण्याकडं प्रायव्हेट पायलटचं लायसन आहे. आम्हा दोघांना एक दोन सीटचं छोटं विमान घ्यायचंय, धंद्यासाठी नाही, आपलं स्वतःचं. किट, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून बनवायचं म्हटलं तर हजारभर तास काम, वर्कशॉप सांभाळून मला चार-पाच वर्षं लागणार आणि तोवर मेडिकल पास होईन की नाही कुणास ठाऊक, म्हणून वापरलेलं बघायला लागलो.

आणि मिळालं पण. अमेरिकेत एका रिटायर्ड गृहस्थानं स्वतःच्या गॅरेजात बनवलेलं आरव्ही-१२ नावाचं विमान आहे. अख्खं अॅल्युमिनियमचं, रोटॅक्स ९१२ इंजिन, १०० हॉर्सपॉवर, जास्तीत जास्त वजन ६०० किलो. पिना काढल्या की पंख निघतात, त्यामुळं ४० फुटी कंटेनरमध्ये नीट बसतं. न्हावा शेवाला उतरवायचं आणि हायवेनं कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर करत घरी. त्या माणसानं पहिल्या रिव्हेटपासनं फोटो काढून ठेवलेत, कुठल्या दिवशी कुठला रिब बसवला हे वहीत लिहिलंय, मला त्यातले तीनशे फोटो पाठवले. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं काम तपासलंय साहेब, हातातली सफाई फोटोत पण कळते. काम चांगलं आहे.

तरी चार महिने झाले, माझं ठरत नाही.

पैशाचं आधी सांगतो आणि बाजूला ठेवतो. सांगितलेली किंमत ६५ हजार डॉलर, म्हणजे साधारण ५७ लाख. खाजगी वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासनं जीएसटी ४० टक्के झालाय, तो आयातीवर पण लागतो, म्हणजे भाडं आणि बाकी ड्युटी सोडून नुसते २३ लाख वर. उद्योगपतीचं जेट आणि सहाशे किलोचं गॅरेजातलं विमान एकाच खान्यात टाकणं मला पटत नाही. पण ते जीएसटी कौन्सिलचं काम, त्यासाठी मी तुमच्या दारात आलो नाही.

मी आलोय कागदासाठी. अमेरिकेत असलं विमान एक्सपेरिमेंटल सर्टिफिकेटवर उडतं, बनवणाऱ्यानं अर्ध्याहून जास्त काम शिकण्यासाठी आणि हौसेसाठी स्वतः केलं असलं पाहिजे अशी तिथली अट. जो बनवतो त्याला त्या एका विमानापुरतं रिपेअरमनचं सर्टिफिकेट मिळतं, म्हणजे वर्षाला एकदा होणारी तपासणी तो स्वतः करून सही करू शकतो. विमान विकलं की हा हक्क विमानासोबत जात नाही, तो त्या माणसाकडंच राहतो. तिथं नवा मालक लायसनवाला मेकॅनिक बोलावून सही घेतो आणि विषय संपतो. इथं कोण करणार सही? त्या विमानाला टाइप सर्टिफिकेटच (मॉडेलच्या डिझाइनला सरकारी मंजुरी) नाही, मग आपल्याकडच्या एएमईनं, म्हणजे लायसनवाल्या देखभाल इंजिनिअरनं कुठल्या अधिकारात सही करायची? शिवाय १९४४ च्या शिकागो करारात एकमेकांची एअरवर्दीनेस (विमान उडायला लायक असल्याची) सर्टिफिकेटं मान्य करायची ठरलंय ती आंतरराष्ट्रीय स्टँडर्डला उतरणारी, एक्सपेरिमेंटल त्यात बसत नाही, म्हणजे अमेरिकेच्या त्या कागदाला इथं मान द्यायचं कुणावर बंधन नाही. आपल्याला नव्यानंच ठरवावं लागणार. ठरवा की, पण मी पैसे पाठवायच्या आधी ठरवा.

हे मी विचारलं नाही असं नाही. एका ऑफिसात म्हणाले हे होमबिल्ट, म्हणजे घरी बनवलेलं, आमच्याकडं येत नाही. दुसरीकडं म्हणाले आधी विमान आणा मग फाइल बघू. आणल्यावर नाही म्हणाला तर मी काय करू, परत कंटेनरमध्ये घालू? आम्ही सीमाभागातली माणसं, १९५६ पासनं "हे आमच्याकडं येत नाही, तिकडं विचारा" ऐकत आलोय, मुंबई बेंगळुरूकडं बोट दाखवती आणि बेंगळुरू दिल्लीकडं. विमान तर सरळ केंद्राचा विषय, इथं तरी दुसरीकडं बोट दाखवायला जागा नको.

अमोल यादवांचं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बनवलं, २०१६ ला मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी गर्दी करून बघितलं, तरी रजिस्ट्रेशन व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला आणि उडवायचं परमिट आलं २०१९ ला. ते तर स्वतः बनवणारे, समोर हजर, काहीही विचारलं की उत्तर द्यायला माणूस आहे. माझ्या बाबतीत बनवणारा बारा-चौदा हजार किलोमीटरवर बसलाय आणि वय ऐंशीच्या पुढं.

आता तुमचे अधिकारी म्हणतील हे धोक्याचं आहे. खरं आहे, मी नाही म्हणत नाही. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीनं २०१२ मध्ये होमबिल्ट विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की वापरलेलं विमान घेतलेल्या नव्या मालकाच्या अगदी पहिल्याच उड्डाणात पण बरेच अपघात होतात, आणि त्यांनी नव्या मालकांना त्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग मिळावं अशी शिफारस केली. हे वाचून मी दोन दिवस गप्प होतो. पुतण्याला म्हटलं, तुला मी त्यात असंच बसवणार नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही म्हणशीला तितके तास शिकतो, पण शिकायला तरी विमान येऊ दे की हो." म्हणून सांगतो, मला सूट नको. अटी घाला. पंख जोडल्यावर माझ्या खर्चानं तपासणी करा, इन्स्ट्रक्टरबरोबर ठराविक तास सक्तीचे करा, सुरुवातीला गावावरनं उडवायचं नाही म्हणा, सगळं मान्य. फक्त अटी आधी लिहून द्या.

पेट्रोलचं पण एक आहे. रोटॅक्सच्या या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं, आणि आपल्या पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत तुम्हाला माहीत आहे, इथेनॉलमुळं ऊसवाल्याला चार पैसे मिळत असतील तर मी त्याच्या विरोधात कसा बोलू, माझा मेव्हणाच ऊस लावतो. मग राहिलं अॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल. इंडियन ऑइल २०२२ पासनं वडोदऱ्याला त्यातलंच १०० एलएल बनवतंय ही चांगली गोष्ट झाली, त्यात शिसं असतं म्हणून ऑइल २५ तासांनी बदलावं लागेल, बदलतो. पण सांबऱ्याच्या विमानतळावर एकट्या माणसाला साठ लिटर कोण देणार? ट्रेनिंगची विमानं रोज डोक्यावरनं जातात, त्यांच्यासाठी जी सोय आहे त्यातनं आम्हाला पैसे देऊन भरून घेता येईल का, हे पण सांगा.

इथं सांभाळायला माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये एअरबसचे पार्ट होतात, उद्यमबागेतली पोरं मायक्रॉनमध्ये काम करतात. याच कर्नाटकात एनएएल या सरकारी संस्थेनं बनवलेल्या हंसा-३ एनजी या छोट्या विमानाला पण रोटॅक्सच आहे. ब्रिटनमध्ये असल्या विमानांचं परमिटचं काम तिथल्या सीएएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या) वतीनं लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन ही सभासदांची संस्था बघते, त्यांचे इन्स्पेक्टर गावोगाव आहेत. आपल्याकडं एअरफोर्समधनं बाहेर पडलेले माझ्यासारखे किती जण घरी बसलेत, त्यांना धरून असं काही उभं करता येईल. पण ते सावकाश होऊ दे.

माझं आजचं मागणं एवढंच की परदेशात दुसऱ्यानं बनवलेलं, वापरलेलं होमबिल्ट विमान इथं रजिस्टर होतं का, होत असेल तर बनवणाऱ्याची कुठली कागदं लागतात आणि वर्षाची सही कोण करणार, याचं लेखी उत्तर खरेदीच्या आधी मागता यावं आणि ते ठरलेल्या दिवसांत मिळावं. नाही असेल तर नाही लिहा, मी त्या गृहस्थाला नमस्कार कळवून मोकळा होतो. त्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक आलंय, तरी माझ्यासाठी तो दोन महिने थांबायला तयार झालाय. इसार अजून दिलेला नाही.

आपला,
उद्यमबाग, बेळगावचा एक माजी एअरफोर्सवाला