परत कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांना सुट्टीत कशात गुंतवायचं यावर लेख आला होता, त्यात सगळ्यात शेवटी एका ओळीत 'एखाद्या सेवाभावी संस्थेला सहकुटुंब भेट द्या' असं लिहिलं होतं. त्या एका ओळीबद्दलच मला लिहायचंय, कारण आम्हीही सुरुवात अशीच 'भेट' देऊन केली होती आणि त्यात काय चुकलं ते आम्हाला आमच्या मुलीमुळे कळलं.

ती तेव्हा सहा वर्षांची, मुलगा अकरा पूर्ण. त्याच्याच वाढदिवसाला एका वृद्धाश्रमात गेलो, वस्तू वाटल्या, फोटो काढले आणि तासाभरात निघालो. दारापाशी एका आजींनी मुलीचा हात धरून विचारलं, परत कधी येणार गं? आपण मोठी माणसं अशा वेळी 'येऊ की' म्हणून मोकळे होतो, पण हिने सरळ सांगून टाकलं, पुढच्या रविवारी. आजी नुसत्या हसल्या, असं सांगून गेलेले खूप जण त्यांनी पाहिले असणार. घरी जाताना नवरा म्हणाला अगं पुढच्या रविवारी आपलं दुसरीकडे जायचं ठरलंय ना, तर ती म्हणाली पण मी सांगितलंय त्यांना. झालं, त्या रविवारी परत गेलो आणि आता दोन वर्षं होत आली, दर रविवारी सकाळी एक तास जातो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा खरी पंचाईत झाली कारण हातात वाटायला काही नव्हतं, मग करायचं काय? मुलं कंटाळली, आजी-आजोबाही अवघडले. शेवटी मी तिथल्या ताईंनाच विचारलं की या दोघांना जमेल असं तुमचं एखादं अडलेलं काम आहे का. त्या म्हणाल्या आज्या अजून आपले कपडे आपणच शिवतात, टाके घालतात, पण सुईत दोरा ओवायला कुणाला दिसत नाही. मुलीला ते काम दिलं. दहा सुया, प्रत्येकीत वेगळ्या रंगाचा लांब दोरा, टोकाला गाठ मारून एका जाड कापडाच्या तुकड्यावर रांगेत टोचून ठेवायच्या. आठवडाभर पुरतात. पुढच्या रविवारी गेल्या गेल्या ती आधी सुया मोजायला पळाली, सहा वापरल्या होत्या, पांढरा आणि काळा दोरा पार संपलेला. "आई, पांढरा जास्त लागतो," असं ती ज्या गंभीरपणे म्हणाली ना, तिथे मला कळलं की आता ती पाहुणी राहिली नाही.

मुलाचं एवढं सोपं नव्हतं. त्याला एका आजोबांच्या मोबाईलवरची अक्षरं मोठी करून द्यायची होती, पठ्ठ्याने फोन घेतला, दहा सेकंदात करून परत दिला. आजोबा चिडले. "मला शिकव म्हटलं होतं, करून दे नाही म्हटलं." तो इतका हिरमुसला की पुढचे दोन रविवार आलाच नाही, आम्हीही जबरदस्ती केली नाही. तिसऱ्या रविवारी आपणहून आला आणि आजोबांशेजारी दोन्ही हात पाठीमागे बांधून बसला, फक्त तोंडाने सांगत होता, आता वर दाबा, नाही नाही त्याच्या खालचं. चाळीस मिनिटं लागली. समोरच्याचा मान ठेवून मदत कशी करायची हे मी त्याला घरी दहा वेळा सांगूनही शिकवू शकले नसते असं मला मनापासून वाटतं.

मदत करायची ओढ मुलांमध्ये मुळातच असते हो. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी 2006 साली अवघ्या 18 महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला होता, समोरच्या माणसाच्या हातून वस्तू पडली किंवा हात भरलेले असताना कपाटाचं दार उघडेना की बाळं आपणहून मदतीला जायची. त्यांनीच 2008 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, 20 महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल खेळणं बक्षीस दिलं ती नंतर कमी मदत करायला लागली, पण नुसतं कौतुक केलेली किंवा काहीच न दिलेली करत राहिली. म्हणून सर्टिफिकेटसाठी तास भरून घेणं मला अजिबात पटत नाही. मुलाच्या शाळेने असे तास भरायला सांगितले तेव्हा परीक्षेआधी झुंबड उडाली आणि सर्टिफिकेट मिळाल्यावर एकही मूल परत फिरकलं नाही.

अनाथाश्रमाबद्दल तर जास्तच जपायला हवं. तिथल्या लेकरांना सारखी नवी माणसं येऊन लळा लावून निघून जातात त्याचा त्रास होतो, 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अशा संस्थांमधल्या व्हॉलंटियरिंगमुळे मुलांचं होणारं नुकसान आपल्या ठरावात नोंदवलंय. नियमित जाणं जमणार नसेल तर कृपा करून तिथे मुलांना 'दाखवायला' नेऊ नका. वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालणं, झाडांना पाणी घालणं, किनारा साफ करणं, अशी कितीतरी कामं आहेत जिथे एकदाच गेलात तरी कुणाचं मन दुखावत नाही. आणि फोटो, ते तर आम्ही दुसऱ्या रविवारपासूनच बंद केले, आपल्या अंथरुणावर बसलेल्या माणसाचा फोटो असा कुणीही येऊन काढावा का?

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांना अनुभवाने सांगते, आधी संस्थेला फोन करून वयाची अट विचारा, मुलाला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊच नका, आणि काय दिसेल ते घरूनच सांगून न्या, म्हणजे एखाद्या आजी तोच प्रश्न पाच वेळा विचारतील, तू पाचही वेळा उत्तर द्यायचंस. लहान मुलांना एक तास पुष्कळ झाला.

आता तुमच्याकडे एक मागणी. 1985 साली संयुक्त राष्ट्रांनी 5 डिसेंबर हा स्वयंसेवक दिन ठरवला, 2026 हे सबंध वर्षही स्वयंसेवकांसाठी जाहीर केलंय, त्या निमित्ताने लेख तर येतीलच. त्याऐवजी पुरवणीत दर आठवड्याला एक छोटा चौकोन द्या, कुठल्या संस्थेला कुठलं काम नियमित करून हवंय, किती वेळ आणि कितव्या वर्षापासूनची मुलं चालतील, एवढंच. सुया ओवायला माणूस हवंय हे आम्हाला ताईंना विचारेपर्यंत माहीतच नव्हतं.

आपली,
एक वाचक