सॅन होझेच्या कोर्टातून माझा कागद मिळवून देणाऱ्या मावशींना

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

‘आभारबिभार मानायचे नाहीत’ असं तुम्ही फोनवर दरडावून सांगितलंत, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. निदान इथे तुम्हाला मध्येच ‘बरं, ठेव आता फोन’ म्हणता येणार नाही. नाव लिहू नकोस म्हणालात, तेवढं पाळते. बाकी सगळं सांगणार आहे. अमेरिकेत घटस्फोट झालेल्या आणि आता इकडे परतलेल्या लोकांना कधी ना कधी हाच कागद, म्हणजे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची कोर्टाने प्रमाणित केलेली प्रत, लागतो, आणि तो कुठून, कसा काढायचा हे धडपणे सांगणारं कुणी भेटत नाही.

माझ्याजवळ होती ती वकीलबाईंनी त्या वेळी ईमेलने पाठवलेली हुकूमनाम्याची पीडीएफ. एवढी वर्षं तिला कुणी हरकत घेतली नव्हती. पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस द्यायला गेले, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी प्रिंटआउट दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला. ‘सर्टिफाइड कॉपी आणा. आणि बाहेरच्या देशातली आहे ना, मग अपोस्टिल करून आणा.’ अपोस्टिल म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून त्यावरच्या सहीला तिकडच्या सरकारने जोडलेला दाखला. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. घरच्या प्रिंटरवर कुणीही काहीही छापू शकतं. पण माझी केस कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेची, आणि तिथलं सांताक्लारा काउंटीचं कोर्ट काही शिवाजीनगरला नाही. एका एजंटाने हे काम करून द्यायचा जो आकडा सांगितला, त्यात विमानाचं निम्मं तिकीट निघालं असतं.

मग मैत्रीण म्हणाली, माझी मावशी तिथेच असते, तिला विचारू या. मी दोन-चार दिवस टाळाटाळ केली. कारण सांगायला आता लाज नाही: त्या फाइलमध्ये माझ्या संसाराचं सगळं बाड होतं. पगार, कर्जं, कोण कुठलं भांडं नेणार इथपर्यंत. जिला मी कधी पाहिलंही नाही अशा बाईच्या हातात ते द्यायचं?

तुम्हाला हे बोलून दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, ‘अगं, तुझी फाइल बघायला मला तुझी परवानगी लागतच नाही. तिथे जाऊन कुणीही बघू शकतं.’ धीर द्यायला म्हणालात, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ आहे. असे खटले बंद दाराआड चालवायचे आणि त्यातलं काही छापायचं नाही. आणि तिकडे माझी फाइल कुणा वाटसरूनेही मागावी?

दुसऱ्या दिवशी तुम्हीच नीट समजावलंत. कॅलिफोर्नियातल्या कोर्टाचे कागद मुळात जनतेचे, म्हणजे न्यायाधीश काय करतात ते लोकांना बघता यावं म्हणून उघडे. पण कौटुंबिक खटल्यांसाठी कोर्टाच्या नियमांनीच एक मेख मारून ठेवली आहे. घरबसल्या संगणकावर पक्षकारांची नावं, तारखा, कोणत्या दिवशी कोणता कागद दाखल झाला याची यादी दिसू शकते. तो कागद मात्र परक्याला इंटरनेटवरून उघडत नाही. त्यासाठी कोर्टात जावं लागतं, तिथल्या संगणकासमोर बसावं लागतं नाहीतर खिडकीवर मागावं लागतं. ज्याला खरंच काम आहे तो जाईल, नुसतं दुसऱ्याच्या घरात डोकावायचं आहे तो घरीच बसेल. हे मला पटलं. आणि मग लक्षात आलं, हीच तर माझी सोय आहे. मी पुण्यात, कागद सॅन होझेत, आणि माझ्या वतीने जाणाऱ्या बाईंकडे ना वकीलपत्र, ना मुखत्यारपत्र. आपल्याकडच्या नकलेच्या खिडकीवर ‘तुम्ही पक्षकार का?’ या पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली असती.

पीडीएफच्या पहिल्या पानावरचा केस नंबर तुम्ही मला तीनदा वाचायला लावलात. आधी वर्ष, मग इंग्रजीतली एफएल ही दोन अक्षरं, म्हणजे फॅमिली लॉ, मग आकडे. नंबर नसता तर नावावरून शोधायला सांगता आलं असतं, पण शोधायला १० मिनिटांपेक्षा जास्त लागली की तिथे १५ डॉलर पडतात, आणि माझ्या आडनावाचं स्पेलिंग तिकडे कुणी कसं केलं असेल याची तुम्हाला रास्त शंका होती.

त्या दिवशी तिथे सकाळचे १० वाजले होते, इथे रात्रीचे साडेदहा. तुम्ही लाइट रेलने कोर्टाजवळच्या सेंट जेम्स स्टेशनला उतरलात आणि दारातूनच पहिला फोन आला: सुरक्षा तपासणीत तुमच्या विणकामाच्या सुया काढून घेतल्या! विमानतळासारखी तपासणी, पर्स पट्ट्यावर, आणि तुमचा अर्धा झालेला स्वेटर सुयांशिवाय आत. ‘टाके सुटले तर तुझ्यामुळे,’ असं म्हणालात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, त्यावर तुमचं उत्तर, ‘इथे रॅम्प आहे गं, मी त्यावरून आले.’ मावशी, मी इकडे पोटात गोळा घेऊन बसले होते आणि तुम्ही मला हसवत होतात.

खिडकीवरच्या क्लार्कबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते मी लिहूनच ठेवलं आहे. तिने सुरुवातीलाच स्पष्ट केलं की तुम्हाला कोणता कागद लागेल ते मी सांगू शकत नाही, तो कायद्याचा सल्ला होईल. फाइलमध्ये कोणकोणते कागद आहेत ते मात्र सांगते. एवढी सरळ रेघ ओढून तिने पडदा तुमच्याकडे वळवला. कुठे काय मागायचं हे माहीत नसलेला माणूस तिथे गडबडला असता. तुम्ही आदल्या दिवशी इथल्या वकिलांना फोन करून यादी करून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

ती यादी इथे देतेच, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. एक म्हणजे मूळ हुकूमनामा, तिकडचा फॉर्म एफएल १८०, आणि त्याला जोडलेलं तडजोडीचं करारपत्र, दोघांच्या सह्यांसकट. सह्यांचं पान कशाला, असं मला वाटलं होतं. वकिलांनी सांगितलं की १९९१ साली नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशातला घटस्फोट इथे केव्हा मानायचा याचे निकष घालून दिले. कॅलिफोर्नियात १९७० पासून ‘मतभेद मिटण्यासारखे नाहीत’ एवढ्या कारणावर घटस्फोट मिळतो, आपल्या हिंदू विवाह कायद्यात ते कारण नाही. अशा वेळी समोरच्याने राजीखुशीने संमती दिली होती का, यावर बरंच अवलंबून असतं. त्या सह्या म्हणजे ती संमती.

दुसरा कागद मला माहीतही नव्हता: एफएल १९०, निकालाची नोंद झाल्याची सूचना. तुम्ही म्हणालात, हाही घेते. कॅलिफोर्नियात अर्ज समोरच्याला बजावल्यापासून किमान सहा महिने गेल्याशिवाय लग्न संपत नाही. न्यायाधीशांची सही आधीची, शिक्का एका तारखेचा आणि लग्न संपल्याची तारीख तिसरीच, असं होऊ शकतं. या दुसऱ्या कागदावर ती तारीख वेगळ्या चौकटीत असते, आणि त्या तारखेआधी दोघांपैकी कुणीही पुन्हा लग्न करू शकत नाही अशी ताकीदही छापलेली असते. नंतर विवाह नोंदणी कार्यालयात अगदी हाच प्रश्न आला, ‘यातली कुठली तारीख धरायची?’ मी कागद पुढे केला, त्या चौकटीवर बोट ठेवलं, आणि विषय संपला.

पैसे म्हणाल तर प्रतीचे पानाला ५० सेंट, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याचं प्रमाणन १५ डॉलर, इतर कागदाचं ४०. पावतीचा फोटो तुम्ही मी न मागता पाठवलात. एजंटाचा आकडा आठवून मी मैत्रिणीकडे बघितलं, तिने माझ्याकडे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं हे पत्र आहे. संगणकावर फाइलमधली सगळी कागदपत्रं तुम्हाला उघडता येत होती. पगाराचे फॉर्म, त्याचं म्हणणं, माझं म्हणणं. बाहेर बागेत येऊन तुम्ही फोन केलात आणि म्हणालात, ‘हुकूमनाम्याची पानं मोजली, सही शिक्के बघितले. बाकीचं मी काही उघडलेलं नाही, हे तुला सांगून ठेवते.’ मी विचारलं नव्हतं. विचारायची हिंमतही नव्हती. पाहिलं असतंत तरी तो तुमचा हक्कच होता, आणि मला कधी कळलंही नसतं. माझ्या घटस्फोटाबद्दल सख्ख्या नात्यातल्या लोकांनी मला जे जे विचारलं आहे, ते आठवून मी फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले.

पुढचा टप्पा सॅक्रामेंटोचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या राजधानीचा. अपोस्टिल म्हणजे मजकूर खरा आहे असा दाखला नव्हे. खाली सही करणारा माणूस खरोखर त्या पदावर आहे, एवढीच त्याची हमी. त्यामुळे सही अशा अधिकाऱ्याची हवी, जिचा नमुना तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे अपोस्टिल देणाऱ्या राज्य सरकारच्या खात्याच्या, दप्तरी आहे. ‘हे भारतात जाणार आहे, अपोस्टिल करायचंय’ असं तुम्ही खिडकीवर आधीच बोललात म्हणून तशीच सही मिळाली. नाहीतर पाकीट सॅक्रामेंटोहून परत आलं असतं. टपालाने पाठवायचे कागदामागे २० डॉलर, सोबत कुठल्या देशासाठी हवं याची चिठ्ठी आणि परतीचं पाकीट. अपोस्टिल ज्या आंतरराष्ट्रीय कराराने चालतं त्यात भारत २००५ पासून आहे, म्हणून दूतावासाच्या वेगळ्या शिक्क्याची भानगड उरली नाही.

कुरिअर आला त्या दिवशीचा एक प्रसंग तुम्हाला सांगायचा राहिला. तुम्ही पाकिटावर लाल पेनने मराठीत लिहिलं होतं, ‘स्टेपल काढायची नाही!!’ मी ते वाचलं, पण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादांनी नाही. त्यांनी सवयीने पिनरिमूव्हर उचलला. मी काउंटरवरून अशी झेप घेतली की मागचा मुलगा दचकून दोन पावलं सरकला. स्टेपल निघाली की एखादं पान मध्ये घातलं नाही कशावरून, असा संशय कुणीही घेऊ शकतो, आणि मग सगळी वरात पुन्हा सॅन होझेपासून. दादांनी मग पानं एकेक उलटी दुमडून, पुटपुटत, झेरॉक्स काढल्या. एक कोपरा काळा आला आहे, चालला.

कार्यालयात त्या खिडकीतल्या बाईंनी अपोस्टिलचा कागद उजेडाकडे धरला. दहा क्रमांकांचे रकाने, वर फ्रेंचमध्ये एक ओळ. ‘हे काय आणि?’ मी म्हटलं, हेगचा करार, १९६१ चा. त्यांनी कोर्टाच्या उठावाच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला, खरबरीत लागला तसं मान हलवली आणि नोटीस घेतली. तिथून ३० दिवसांची मुदत, कुणाची हरकत आली नाही, आणि मागच्या महिन्यात आम्ही सह्या केल्या. या लग्नाला तीन साक्षीदार लागतात. तिसरी सही तुमच्या बहिणीने केली, हे तुम्हाला तिने कळवलं असेलच. साडीबद्दल ती जे काही म्हणाली असेल ते खरं मानू नका.

डॉलर तुम्ही घेणार नाही हे आता मला कळून चुकलं आहे. तुमची भाची डिसेंबरमध्ये तिकडे येते आहे, तिच्या बॅगेत भाजणी, मेतकूट आणि तुम्ही बोलता बोलता ज्याचं नाव काढलंत तो गोडा मसाला देते आहे. हे नाही म्हणायचं नाही.

आणि आभार मानता मानता नवं काम सांगणं वाईट दिसतं, पण सांगते. माझ्या ऑफिसातल्या एकीला असाच कागद हवा आहे. तिची केस अलामेडा काउंटीत आहे, म्हणजे तिथलं कोर्ट वेगळं, खिडकी वेगळी, तुम्हाला लांबही पडेल. जाऊ नका. फक्त काय काय मागायचं आणि कसं मागायचं ते तिला एकदा फोनवर सांगाल का? रविवारी सकाळी, तुमच्या शनिवारी रात्री, तिला सवड असते. नंबर द्यायचा की नाही ते तुम्ही म्हणाल तसं.

आपली,
पुण्याहून, तुमच्या भाचीची मैत्रीण