साध्या कॉम्प्युटरवर चालेल असे सांगून विकलेल्या थ्रीडी व्ह्यूअरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मोठी असेंब्ली (अनेक भाग जुळवलेले मॉडेल) न उघडणे व चुकीची मापे दाखवणे याबाबत

महोदय,

भोसरी एमआयडीसीत आमचा जिग-फिक्श्चरचा कारखाना आहे. विमानाचे भाग ज्यांवर जुळवतात ती फिक्श्चर आम्ही बनवतो. ग्राहकाकडून विमानाच्या अख्ख्या सेक्शनचे, म्हणजे एका मोठ्या तुकड्याचे, थ्रीडी मॉडेल स्टेप फाइलमध्ये (नेमकी भूमिती साठवणारी, वेगवेगळ्या कॅड प्रोग्रॅममध्ये उघडणारी फाइल) येते : फ्रेम, स्ट्रिंगर, ब्रॅकेट, वायरिंग आणि रिव्हेटच रिव्हेट. आम्हाला त्यात बदल करायचा नसतो. क्लॅम्पला जागा कुठे आहे, ड्रिल कुठून आत जाईल, एवढेच बघायचे असते. आणि बघणारे असतात शॉपवरचे सुपरवायझर व क्यूसीची (गुणवत्ता तपासणीची) माणसे. त्यांच्या टेबलावर ८ जीबी रॅमचे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेले कॉम्प्युटर आहेत. प्रत्येकाला कॅडचे, म्हणजे डिझाइन करायच्या प्रोग्रॅमचे, लायसन्स घेणे परवडत नाही, म्हणून मॉडेल नुसते बघायचा तुमचा व्ह्यूअर घेतला. हे सगळे तुमच्या प्रतिनिधींना आधीच सांगितले होते. 'ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरवर चालेल' असे तुमच्या कोटेशनमध्ये लिहिलेले आहे.

डेमोत एक गिअरबॉक्स फिरवून दाखवला. तो छान फिरला. सेक्शनची फाइल मात्र आमच्या मशीनवर उघडतच नाही. मेमरी भरते आणि कॉम्प्युटर गोठतो. एकच फ्रेम हवी असली तरी सगळी असेंब्ली लोड होते. लहान सब-असेंब्लीत भाग लपवले तरी मेमरी मोकळी होत नाही. एकाच नंबरचा रिव्हेट एकदा साठवून बाकी ठिकाणी फक्त त्याची जागा नोंदवायला हवी, तर तुमचा प्रोग्रॅम प्रत्येक रिव्हेट नव्याने साठवतो असे दिसते, कारण रिव्हेट काढून टाकलेली फाइल त्याच मशीनवर चालते.

तुमच्या सपोर्टचे उत्तर आले : ३२ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड घ्या. शिवाय तपासायला फाइल पाठवा. फाइल ग्राहकाची आहे, गोपनीयतेच्या करारामुळे ती बाहेर देता येत नाही; हेही आधी सांगितले होते.

मोठे मॉडेल जड असते हे आम्हाला कळते. पडद्यावर दाखवायला आकार छोट्या त्रिकोणांत तोडावा लागतो. बोइंग ७७७ चे जे मॉडेल संशोधनासाठी वापरले गेले, त्यात सुमारे ३५ कोटी त्रिकोण आहेत. एका त्रिकोणाचे तीन बिंदू, प्रत्येक बिंदूला १२ बाइट धरले, तर नुसत्या आकारालाच १२.६ जीबी लागतात. ते ८ जीबीत कोंबा असे आमचे म्हणणे नाही. पण जर्मनीतल्या सारलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्येच ते मॉडेल एका पीसीवर फिरवून दाखवले होते. सगळे मेमरीत न भरता, नजरेसमोर येईल तेवढेच डिस्कवरून उचलायचे, ही त्यातली युक्ती. जेटी या थ्रीडी मॉडेलच्या दुसऱ्या फाइल-प्रकारात तर एकाच भागाची बारीक आणि ढोबळ अशी अनेक रूपे ठेवायची सोय असते. रस्ता माहीत असताना खर्च ग्राहकावर ढकलणे योग्य नाही.

याहून गंभीर गोष्ट मापाची आहे. सब-असेंब्लीतले एक ६.३५ मिमीचे भोक तुमच्या व्ह्यूअरने ६.१३ दाखवले. वर्तुळाऐवजी बारा बाजूंचा बहुभुज धरला, तर समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर बरोबर ६.१३ येते. म्हणजे वेग राखायला मॉडेल ढोबळ केले आणि माप त्या ढोबळ आकारावरूनच घेतले. स्टेप फाइलमध्ये नेमका सिलिंडर होता. पडद्यावर कसलीही सूचना नव्हती. आमच्या क्यूसीच्या मुलीने ड्रॉइंग शेजारी ठेवले होते म्हणून फरक लक्षात आला, नाहीतर ड्रिल बुश (ड्रिलला नेमकी वाट देणारी नळी) चुकीच्या मापाची बनली असती. फिरवताना चित्र ओबडधोबड दिसले तर आमची हरकत नाही. माप मात्र मूळ भूमितीवरूनच यायला हवे. येत नसेल, तर आकड्याशेजारी 'अंदाजे' असे लिहिलेले हवे. विमानाच्या कामात असा आकडा कोणाच्या हाती पडेल याचा विचार तुम्ही करायला हवा होता.

मापाची दुरुस्ती तातडीने करावी, आणि तोपर्यंत हा व्ह्यूअर वापरणाऱ्या तुमच्या सर्व ग्राहकांना लेखी कळवावे. सेक्शनची फाइल आमच्या मशीनवर, आमच्याच ऑफिसात उघडून दाखवावी. त्यासाठी तुमचा माणूस भोसरीला पाठवावा. ते जमणार नसेल, तर वर्षाच्या लायसन्सची पूर्ण रक्कम परत करावी. १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. कोटेशन, बिल आणि चुकीच्या मापाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

आपला,
संचालक, जिग-फिक्श्चर कारखाना
भोसरी, पुणे