ममीचे कापड सुती नव्हते

महोदय,
शालेय प्रदर्शनांत आणि गणेशोत्सवाच्या देखाव्यांत इजिप्तच्या ममीला हमखास सुती पट्ट्या गुंडाळतात. विणकरांच्या सोलापुरात तरी ही चूक सुधारावी. फराओंच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांच्या, काळातील हे कापड लिननचे, म्हणजे जवसाच्या खोडातील तंतूंचे असे. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच हे जवस! धागा लांब मिळावा म्हणून रोप न कापता मुळासकट उपटत. हिरवे उपटले तर धागा तलम. पिकू दिले तर राठ, दोरखंडाच्या कामाचा. पट्ट्यांसाठी बहुधा घरातले जुने कापडच फाडत. मेकेत्रे या बड्या अधिकाऱ्याचा कारभारी वाह याच्या देहावर सुमारे ३७५ चौरस मीटर कापड निघाले.

गुंडाळण्याआधी यकृत, फुप्फुसे, जठर व आतडी काढत. हृदय जागीच ठेवत. मग सुमारे ४० दिवस देह कोरड्या नॅट्रॉन क्षारात ठेवत, कारण ओल राहिली की मांस कुजते. सगळ्या विधीला ७० दिवस लागत. तुतनखामेन या फराओच्या बाबतीत मात्र राळमिश्रित तेले फार ओतली गेली. त्यामुळे पट्ट्या काळ्या पडून ठिसूळ झाल्या आणि देह सुमारे ११० किलोच्या सोन्याच्या शवपेटीला घट्ट चिकटला. त्याचे थडगेही पिरॅमिडमध्ये नव्हे, इजिप्तमधील ‘राजांच्या खोऱ्या’तील खडकात खोदलेले होते; ते १९२२ मध्ये सापडले.

देखावा उभारणाऱ्यांनी निदान फलकावर ‘लिनन’ लिहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर