करारावर सही करायच्या आधी माती-पाण्याचा हिशोब मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुक्त व्यापाराचा विषय निघाला की सगळी चर्चा टॅरिफ किती टक्क्यांनी उतरणार, एक्स्पोर्ट किती वाढणार, कोणाचा माल कोणाच्या बाजारात शिरणार यावरच फिरत राहते, आणि तो माल तयार करताना पाणी किती गेलं, जमीन किती झिजली, कुठल्या नदीत काय सोडलं हे कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा हिशोब सह्या व्हायच्या आधी मांडा आणि कराराच्या मुख्य मजकुरातच त्याची कलमं घाला, नंतर जोडलेल्या कागदाने काही होत नाही हे जगात बघून झालंय.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा नाफ्टा करार १९९४ ला लागू झाला. मक्यावरचं संरक्षण मेक्सिकोने टप्प्याटप्प्याने २००८ पर्यंत काढायचं ठरलं होतं, पण प्रत्यक्षात बिनशुल्क आयातीच्या ठरलेल्या कोट्याच्या वरचा मकासुद्धा आधीपासूनच आत येऊ दिला गेला, भाव पडले आणि लहान शेतकरी अडचणीत आला. मका मुळात मेक्सिकोचाच, त्याचे कितीतरी गावरान वाण हेच छोटे शेतकरी पिढ्यानपिढ्या राखत आलेत, त्यामुळे त्यांनी शेती सोडली तर ते बियाणं कोण जपणार हा प्रश्न फक्त उत्पन्नाचा राहत नाही. आणि दुसऱ्या टोकाला बघा, अमेरिकेत मक्याच्या शेतात टाकलेलं नत्र मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात उतरतं, तिथं शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि दर उन्हाळ्यात मोठा डेड झोन, म्हणजे मासे जगू न शकणारा पट्टा, तयार होतो, २०१७ मध्ये तो २२ हजार चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. आता याचा सगळा दोष एक्स्पोर्टवर टाकता येणार नाही, त्यात तिथल्या सबसिडी आहेत, मक्यापासून बनणारं इथेनॉल हे इंधन आहे, जनावरांचं खाद्य आहे. पण जो मका स्वस्त म्हणून सीमेपार जातो त्याच्या भावात त्या समुद्राचं नुकसान कुठेच धरलेलं नसतं, आणि म्हणूनच तो स्वस्त असतो.

इंडस्ट्रीचं उदाहरण मला जास्त गंभीर वाटतं. अमेरिकेने २००८ मध्ये हवेतल्या शिशाची मर्यादा घनमीटरला १.५ मायक्रोग्रॅमवरून थेट ०.१५ वर आणली, म्हणजे दहापट कडक केली, निर्णय चांगलाच होता. पण त्यानंतर गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायला मेक्सिकोला पाठवण्याचं प्रमाण जोरात वाढलं, कारण तिथले नियम ढिले होते. नाफ्टाच्याच पर्यावरण आयोगाने २०१३ च्या अहवालात हे मांडलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, सीमेच्या अलीकडच्या पोराला वाचवायचं आणि पलीकडच्या पोराच्या श्वासात ते जाऊ द्यायचं, याला पर्यावरण रक्षण कसं म्हणायचं?

उलट बाजूपण प्रामाणिकपणे सांगायला हवी. ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्येच मांडलं होतं की व्यापार वाढला की तीन गोष्टी होतात, उत्पादनाचा आकार वाढतो म्हणून प्रदूषण वाढतं, कुठला उद्योग कुठे जातो ते बदलतं, आणि चांगलं तंत्रज्ञान येऊन प्रदूषण कमीसुद्धा होऊ शकतं. न्यूझीलंडने १९८४ पासून शेतीची जवळपास सगळी सबसिडी काढली तेव्हा खतांचा वापर घटला, केवळ अनुदानापायी चरायला घेतलेल्या डोंगरउताराच्या जमिनी सुटल्या. पण पुढे दूध पावडरीचा एक्स्पोर्ट वाढत गेला, २००८ ला चीनबरोबर करार झाला, गायींची संख्या वाढत गेली आणि कॅन्टरबरीसारख्या भागात भूजलात नायट्रेट, म्हणजे मूत्र-खतातून झिरपणारं नत्र, चढलं. त्यामुळे व्यापार खुला केला की पर्यावरण आपोआप सुधारतं किंवा आपोआप बिघडतं ही दोन्ही वाक्यं मला पटत नाहीत, नियम आधी होते की नव्हते यावर सगळं ठरतं.

आणि नियम असले तरी ते टिकतील याची खात्री नाही. मेक्सिकोच्या एका नगरपालिकेने घातक कचऱ्याच्या डेपोला परवानगी नाकारली तर मेटलक्लॅड या अमेरिकन कंपनीने नाफ्टातल्या गुंतवणूक कलमाखाली दावा लावला आणि २००० मध्ये लवादाने सुमारे १.६७ कोटी डॉलर भरपाई द्यायला लावली. म्हणजे गुंतवणूकदाराला पैसे वसूल करून देणारं कलम होतं, पण प्रदूषणाची तक्रार घेऊन जाणाऱ्या नागरिकासाठी काय होतं, तर नाफ्टाला जोडलेल्या वेगळ्या करारातला पर्यावरण आयोग चौकशी करून वस्तुस्थितीचा अहवाल छापणार, बस्स, तो कोणावर बंधनकारक नाही. मूळ करार आणि जोडकरार यांत हा केवढा फरक! २०२० मध्ये नाफ्टाच्या जागी नवा करार आला तेव्हा कुठे पर्यावरणाचा स्वतंत्र अध्याय मुख्य मजकुरात आला आणि वादनिवारणाच्या कक्षेत आला, मधे पंचवीसेक वर्षं गेली.

हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. ओझोनसाठीच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात, जे देश सामील होणार नाहीत त्यांच्याशी ओझोनचा थर विरवणाऱ्या रसायनांचा व्यापार बंद, अशी तरतूद होती, त्यामुळे बाहेर राहण्यात फायदा उरला नाही आणि पुढे जगातले सगळे देश त्यात आले.

तेव्हा वाटाघाटी करणाऱ्यांनी कुठल्या पिकाचं आणि कुठल्या उद्योगाचं उत्पादन किती वाढेल आणि त्याला पाणी, खत, वीज किती लागेल याचा अंदाज सही करायच्या आधी लोकांसमोर ठेवावा, स्थानिक संस्थेने आरोग्यासाठी घेतलेला निर्णय कंपनीच्या भरपाईच्या दाव्यातून स्पष्ट शब्दांत वगळावा, आणि प्रदूषणाची कलमं मोडली तर टॅरिफची सवलत काढून घेता येईल असं करारातच लिहावं. आपल्या पेपरने पण करारांच्या बातम्या देताना एक्स्पोर्टच्या आकड्याशेजारी हे आकडे मागावेत ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक