शाळेच्या लॅबमध्ये सोल्डरिंगही शिकवा

संपादक महोदय,

येत्या पाच वर्षांत सरकारी शाळांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायच्या प्रयोगशाळा) उभारण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्या भागातल्या ज्या लॅब मी पाहिल्या, तिथे ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून सर्किट जुळवायची पाटी), आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), सेन्सर मुलांच्या हातात आणि सोल्डरिंग आयर्न, म्हणजे धातू वितळवून पार्ट कायमचे जोडायचे तापते हत्यार, कपाटात कुलूपबंद! विचारले तर उत्तर एकच, ‘मुलं भाजून घेतील.’ आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना घडवण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली. मला हे पटत नाही.

परवा विज्ञान प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलीने पाऊस आला की वाजणारा बझर मांडला होता. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी. जोडणी अचूक, पण दप्तरातून आणताना ब्रेडबोर्डावरची एक वायर निसटली आणि परीक्षकांसमोर बझर वाजेना. हेच सर्किट झिरो पीसीबीवर (पार्ट जोडायच्या भोकाभोकांच्या बोर्डावर) सोल्डर केलेले असते तर पोरीचा चेहरा पडला नसता.

सुरुवातीला महागडे, तापमान कमी-जास्त करता येणारे सोल्डरिंग स्टेशन लागत नाही. २५ वॉटचे आयर्न, स्टँड, ६०/४० ची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) रोझिन कोअर, म्हणजे पोटात राळ असलेली सोल्डर वायर, कटर आणि चुकलेले सोल्डर ओढून घेणारा डीसोल्डर पंप एवढ्यावर भागते. ही वायर १९० अंशांच्या आत वितळते. शिसेविरहित वायरीला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून नवख्याचा टाका (सोल्डरचा जोड) तिच्यात चटकन जमत नाही. पत्र्याच्या कामाचे अॅसिड मात्र पीसीबीला कधीही लावू नये, तांबे खाऊन टाकते.

बहुतेक मुले बिटवर (आयर्नच्या तापलेल्या टोकावर) सोल्डर वितळवून ते जोडावर नेऊन ठेवतात. तोवर फ्लक्स (वायरीतली राळ, जी धातू साफ करून सोल्डर धरवते) जळून गेलेला असतो, गोळा नुसता वर बसतो आणि ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड होतो. बिट ओल्या स्पंजवर पुसावी आणि पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) व पार्टचा पाय (त्याची तार) दोन्हींना एकदम टेकवावी. एक-दोन सेकंदांनी वायर दुसऱ्या बाजूने जोडाला लावावी, बिटला नव्हे. सोल्डर आपोआप पायाभोवती पसरते. मग आधी वायर काढायची, नंतर आयर्न. गार होईपर्यंत पार्ट हलवायचा नाही, फुंकर मारायची नाही. चकचकीत, कडांना निमुळता झालेला टाका दिसला की समजावे, जमले.

धोका आहेच, तो मी नाकारत नाही. बिट ३०० अंशांच्या वर तापते. धूर रोझिनचा असतो आणि दम्याच्या मुलांना तो बाधतो, म्हणून खिडकीशेजारी बसावे, पंखा धूर बाहेर जाईल असा लावावा. शिशाची वाफ या तापमानाला होत नाही, पण ते बोटांना लागते. काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही आणि वायर दातात धरायची नाही, हे नियम मी वर्गात काटेकोरपणे पाळायला लावत असे. पार्टचे जास्तीचे पाय कापताना तुकडा उडतो, त्यासाठी गॉगल हवाच.

शिक्षकांना स्वतःला सवय नसेल तर जवळच्या आयटीआयचे निदेशक किंवा गावातला मोबाइल दुरुस्तीवाला शनिवारी दोन तास बोलवावा. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. शिक्षण विभागाने तसे परिपत्रक काढावे. मिरज परिसरातल्या शाळांनी बोलावले तर मी स्वतः विनामूल्य येईन.

– एक निवृत्त शिल्पनिदेशक, मिरज