कटिंगआधी दोरा ओवायला शिकवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत शिवणकामाचं पान येतं ते मी गेले सात-आठ महिने न चुकता वाचतेय, कात्रणं पण काढून ठेवलीयत. आकृत्या स्वच्छ असतात, मापं व्यवस्थित दिलेली असतात, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात होती ती आता लिहितेच. त्या पानावर दरवेळी "आता कडेने टीप मारून घ्या" एवढंच वाक्य असतं आणि लगेच पुढची स्टेप सुरू होते. ज्याला मशीन येतं त्याला ते ठीक आहे, पण जो पहिल्यांदाच मशीनसमोर बसलाय त्याचं घोडं नेमकं तिथंच अडतं. कापड मापाने कापलेलं असतं, पिना लावलेल्या असतात, आणि ती एक टीप काही केल्या नीट येत नाही.

मी क्लासही लावला होता, नाव लिहीत नाही. तिथे पहिले दिवस सगळे कागदावरच्या कटिंगमध्ये गेले, मशीनला हात लागला तो दुसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हाही मशीन आधीच ओवून ठेवलेलं असायचं. दोरा तुटला की बाईंना हाक मारायची, त्या येऊन दोन सेकंदात ओवून द्यायच्या, त्यांचा हात इतका सराईत की नक्की काय केलं ते दिसायचंच नाही. बाई मनापासून शिकवायच्या, पण जे त्यांच्या हातात इतकं बसलंय की त्याचा विचारही करावा लागत नाही ते वेगळं शिकवायला लागतं हे त्यांच्या लक्षातच आलं नसावं.

मग घरी मशीन घेतलं आणि साधा उशीचा अभ्रा शिवायला बसले. वरून टाके बरे दिसत होते, कापड उलटं करून बघायला गेले तर ते मशीनमधून सुटेचना, खाली दोऱ्याचा हा एवढा पुंजका, केसांचा गुंता व्हावा तसा, शेवटी कात्रीने दोरे कापत कापत कापड सोडवलं. आता गुंता खाली आहे म्हणजे चूक खालच्या दोऱ्याची, असं मी धरून चालले, कुणीही तसंच धरेल. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, काढून परत भरली, ती जिच्यात बसते ती डबी पुसून काढली, मग डबीवरचा तो बारीक स्क्रू पिळला, थोडा इकडे, थोडा तिकडे, असं करत करत तो मुळात कुठे होता तेच समजेना. तीन आठवडे हेच. मशीनच खराब आहे म्हणून विकून टाकायचं पण ठरलं होतं.

त्याच सुमारास ओळखीचे एक काका घरी आले, आयुष्यभर शिवणकाम केलेले. त्यांनी बॉबिनकडे बघितलंसुद्धा नाही. वरचा दोरा सगळा काढून टाकला, मागची दांडी उचलून फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा तो पाय, वर केला आणि मग पहिल्यापासून ओवायला घेतलं. टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांपाशी आल्यावर दोरा दोन्ही हातांनी धरून मधे हलकेच ओढून बसवला. मग मला म्हणाले, "फूट खाली कर आणि दोरा ओढून बघ." ओढला तर अडत अडत आला. "आता फूट वर करून ओढ." सुळकन आला. "हा फरक बोटाला कळला पाहिजे बाळा," एवढंच बोलले. त्यानंतर जी टीप मारली ती दोन्ही बाजूंनी सारखी होती, मी ती कितीतरी वेळ उलटसुलट करून बघत बसले.

कारण अगदी साधं आहे, आणि ते मला कुठल्याच पानावर वाचायला मिळालं नव्हतं. फूट वर असतो तेव्हा त्या चकत्या सैल असतात, खाली केला की घट्ट आवळतात. फूट खाली असतानाच दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मधे शिरतच नाही, बाहेरच राहतो, त्याला ताणच मिळत नाही. मग प्रत्येक टाक्याला वरचा दोरा खाली जातो पण परत वर खेचला जात नाही आणि कापडाखाली साठत राहतो. वर-खाली होणारा जो दांडा असतो त्याच्या भोकातून दोरा निसटला असेल तरी हेच होतं. म्हणजे गुंता खाली आणि चूक वर. मशीन बिघडलंय म्हणून जे लोक ते कोपऱ्यात झाकून ठेवतात त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं एवढंच असेल असं मला मनापासून वाटतं.

आणि मुळात मशीनचा टाका कसा पडतो हे तरी कुठे कुणी सांगतं? आपल्याला हाताची सुई माहीत असते, भोक मागच्या टोकाला, सुई आख्खी कापडातून आरपार जाते. मशीनच्या सुईचं भोक टोकाजवळ असतं आणि ती कधीच पूर्ण आरपार जात नाही, फक्त खाली उतरते आणि किंचित वर येते, तेवढ्यात दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो, खालच्या शटलचं, म्हणजे बॉबिनपाशी फिरणाऱ्या आकड्याचं, टोक तो फास पकडून बॉबिनच्या भोवती फिरवून आणतं, आणि वरचा दांडा तो खेचून घेतो. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या मधोमध अडकते. फ्रान्समध्ये टिमोनिये या शिंप्याने 1830 साली मशीनचं पेटंट घेतलं ते एका दोऱ्याचं होतं, साखळी टाक्याचं, आणि साखळी टाका एका टोकाने ओढला की सरसर उसवत जातो. अमेरिकेत इलायस होवे याने 1846 साली टोकाशी भोक असलेली सुई आणि दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलं, आपल्या घरातली मशीनं आजही त्याच रीतीने शिवतात. मला हे कळलं तेव्हा निम्मी भीती गेली. चाक हाताने आपल्याकडे हळूहळू फिरवत एक टाका पूर्ण होताना बघा, झाकण उघडं ठेवून, पाच मिनिटं पुरतात.

सुईचंही तसंच. घरगुती मशीनच्या सुईला वर एक बाजू सपाट असते, ती कुठल्या बाजूला यायची हे मशीनप्रमाणे ठरतं, पण सुई थेट वर टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळायचा आणि दोरा नेहमी लांब खाच असलेल्या बाजूने ओवायचा. हे चुकलं की टाके सुटतात, नाहीतर टाकाच पडत नाही. नंबरचं पण कुणी नीट सांगत नाही. पाकिटावर 90/14 लिहिलेलं असतं, त्यातले 90 म्हणजे सुईची जाडी 0.90 मिलिमीटर, आणि 14 हा त्याच जाडीचा दुसऱ्या पद्धतीतला नंबर. पातळ सुती कापडाला 11 नंबर, नेहमीच्या कापडाला 14, जीन्सला 16 किंवा 18. ताणणाऱ्या होजियरी कापडाला गोल टोकाची सुई वेगळीच मिळते, साध्या सुईने टाके सुटायला लागले की माणूस परत टेन्शन पिळायला जातो. साधारण आठेक तास शिवून झालं की सुई बदलावी असं सांगतात. आमच्याकडे तर सुई मोडायच्या आधीही बदलायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं.

सरावासाठी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. वहीचा रेघांचा कागद घ्यायचा, दोरा अजिबात न ओवता, जुन्या सुईने (कागदाने सुई बोथट होते म्हणून जुनी) रेघेवरून मशीन चालवायचं. आधी सरळ, मग चौकोन, कोपऱ्यावर आलं की सुई खाली ठेवून फूट उचलायचा, कागद वळवायचा, फूट परत खाली. पायाचा दाब हातात येतो म्हणतात तसं पायात येतो! आणि कापड ओढायचं नाही, पुढे न्यायचं काम फुटाखालची दातेरी पट्टी करते, आपण फक्त दिशा द्यायची. ओढलं की सुई वाकते, पत्र्यावर आपटते, मोडते. नजर सुईवर ठेवली की टीप वाकडीच जाते, फुटाची कड कापडाच्या कडेपासून किती अंतरावर चाललीय तिकडे बघायचं. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची, पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत. ओवताना पायाखालच्या पेडलचं बटण बंद, हे तर मुलांना आधी सांगायला पाहिजे.

तर माझी विनंती अशी आहे की पुरवणीचे तीन-चार अंक फक्त मशीनला द्या. काही शिवायला सांगू नका. एका अंकात नुसतं ओवणं, फूट वर आणि फूट खाली असे दोन मोठे फोटो शेजारी शेजारी. एका अंकात सुया. एका अंकात टेन्शन, आणि त्यात वरचा दोरा लाल, खालचा निळा घेऊन टीप मारायला सांगा, मग कुणाला विचारायलाच नको. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले तर वरचा दोरा जास्त घट्ट, खाली लाल दिसला तर तो सैल, कापडच आपल्याला सांगतं. डबीच्या स्क्रूला हात लावायची वेळ त्यानंतर, आणि तीही फार क्वचित येते, लावलाच तर आधी त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि एका वेळी जरासाच फिरवा.

क्लास घेणाऱ्या ताई-दादांना पण यातून सांगावंसं वाटतं, दोरा तुटला की तुम्ही ओवून देऊ नका. शिकणाऱ्याला ओवू द्या, चुकू द्या, परत सगळा काढायला लावा. दहा वेळा ओवून होईपर्यंत एक टीप सुद्धा मारली नाही तरी तो दिवस वाया जात नाही हो. आणि शिकणाऱ्याच्या हातातलं कापड ओढून घेऊन "दे मी दाखवते" हे तर खरंच नका करू, माझा सगळा धीर तिथंच सुटायचा.

तो गुंता झालेला अभ्र्याचा तुकडा मी फेकला नाही, त्याच कापडावर काकांसमोर मारलेली टीपही आहे, दोन्हीत चार बोटांचं अंतर. फोटोसाठी हवा असेल तर कळवा, पाठवून देईन.

आपली नियमित वाचक